पितरांचं पान

फिलोमेनने मूस हरणाच्या रश्श्याचं पातेलं टेबलावर आदळलं, हात एप्रनला पुसले आणि पुन्हा एकदा केंद्राच्या दाराकडे पाहिलं.

“आजी, नवरदेव यायचाय का कुणी?” पाव मांडता मांडता जोलीन म्हणाली. केंद्रात मुलं सांभाळणारी ही पोरगी तोंडाची फटकळ.

“तुझ्यासाठीच बघतेय. तुझं तुला काही जमेना.”

बायका हसल्या. फिलोमेन हसली नाही. एकची बस येऊन गेली होती. तिची लेक शॅरिस त्या बसने यायची होती, दारू सोडवायच्या घरातून एका दिवसाची सुटी घेऊन. हे इथे कुणालाच ठाऊक नव्हतं. शॅरिसच्या सहा वर्षांच्या मुलीला, निपिनला तर आई उत्तरेला मासळीच्या कामावर गेलीय, एवढंच सांगितलेलं. शॅरिस पुन्हा कुठल्या गुत्त्यात शिरली असेल, की बर्फात पडली असेल, असं मनात आलं की फिलोमेन हाताला लागेल ते पुसायला घ्यायची. कॅनडातल्या विनिपेगमधल्या क्री आदिवासी मुलांचं हे केंद्र. अर्धी वस्ती इथे जेवायला जमते. इथे आपल्या घरचं उणं निघायला नको, एवढी ऐट तिच्यात अजून शाबूत होती.

म्हातारा मॉरिस पान घेऊन फिरू लागला. आपण जेवण्याआधी, गेलेल्यांसाठी काढायचं ते पान. मुलं एकेक घास ठेवत, ज्याच्यासाठी ठेवला त्याचं नाव घेत. कुणाची पणजी, कुणाचा काका. एकाने कुत्र्याचं नाव घेतलं. मॉरिसने त्यालाही मान डोलावली. पानावर ठेवलेलं परत उचलायचं नाही. मागच्या जेवणात एका पोराने उचललेली स्ट्रॉबेरी फिलोमेननेच चापट मारून परत ठेवायला लावली होती.

निपिनने पावाचा मोठा तुकडा घेतला. त्यावर कडेपर्यंत मुरंबा थापला आणि पानावर ठेवला.

“शॅरिस,” ती म्हणाली.



“अगं, आई कामावर गेलीय तुझी,” फिलोमेन म्हणाली.

“लिओची आईपण कामावरच गेली होती. मग त्याला इथे घास ठेवायला सांगितलं.”

लिओ बुटाच्या नाड्यांशी खेळू लागला.

फिलोमेनने हात पुढे केला. सगळ्यांच्या देखत तिने तो तुकडा उचलला. मुरंबा बोटांवरून मनगटापर्यंत ओघळला.

“ती जिवंत आहे,” ती मॉरिसला म्हणाली. त्याने काही विचारलं नव्हतं.

“मग चटकन घे बाई,” मॉरिस म्हणाला. “आमची ही वर गेली तरी गोडाची हावरी. एकदा हात घातला की सोडायची नाही.”

कुणीतरी फिसकन हसलं. फिलोमेन निपिनसमोर खाली बसली. गुडघे कडकडले.

“मासळीचं खोटं होतं. आई आजारी आहे, दारूने. ती सोडवायला गेलीय. आज येणार होती.”

“मग आली का नाही?”

“मला ठाऊक नाही.”

चार बायकांत असं बोलायची वेळ तिने आजवर स्वतःवर येऊ दिली नव्हती.

दारूचं नाव ऐकताच जोलीन आत गेली होती. ती फोन हातात घेऊन बाहेर आली. दारू सोडवायच्या त्या घराचा नंबर तिला पाठ होता. कसा, ते कुणी विचारलं नाही.

“तिथेच आहे,” ती म्हणाली. “बसपर्यंत गेली होती म्हणे. चढायची हिंमत झाली नाही. परत फिरली.”

तिने फोन पुढे केला, पलीकडे शॅरिस होती. फिलोमेन मुरंब्याची बोटं एप्रनला पुसत राहिली. निपिननेच घेतला.

“आई, इथे जेवण आहे.” मग जरा थांबून, “तुझा घास मी पितरांच्या पानावर ठेवला होता. आजीने परत घेतला. कुणाला घेऊ देत नाहीत, पण तिने घेतला.”

पलीकडून आईचा श्वास ऐकू येत होता. निपिनने फोन कानाला आणखी घट्ट दाबून धरला.