पाटोळे सिस्टरांचा निरोप

आमच्या रुग्णालयात फळ्यावर कार्यक्रम लिहिला, की तेवढ्यापुरती खोली इमारतीत उगवते. एक्सरेच्या दारापुढे, एरवी जिथे नुसती भिंत आहे, तिथे. रक्तदान शिबिर लिहिलं तर सकाळी खाटांची खोली हजर, बिस्किटांचे पुडेसुद्धा मांडलेले. परिचारिका दिनाच्या रांगोळी स्पर्धेला गेरूनं सारवलेली ओसरी आली होती. कार्यक्रम संपला की खोली जाते. कुणाची छत्री आत राहिली तर ती गेली. त्याबद्दल तक्रार करायची आमच्यात पद्धत नाही.

निरोप समारंभाचं तेवढं वेगळं असतं. ज्यांचा निरोप असतो ते खुर्चीतून उठत नाहीत. बाकीचे पेढा-चिवडा खाऊन, हात पुसत बाहेर येतात आणि भिंत मिटते. लॅबमधले सोनटक्के असेच गेले. बिचाऱ्यांना चिवड्याची बशी मांडीवरून खाली ठेवायलाही कुणी सांगितलं नाही.

मला निवृत्तीला अजून पुष्कळ वर्षं आहेत. मी पुरुष विभागात सिस्टर आहे, आणि त्या आठवड्यात माझी आई स्त्री विभागात होती, न्यूमोनियानं. ती सुधारली होती. शुक्रवारी दुपारी चारला तिला घरी सोडणार होते. "सरू न्यायला आली तरच जाईन मी," ती सगळ्यांना बजावत होती. "दुसऱ्या कुणाचा हात धरणार नाही. नाहीतर ठेवा इथंच, आणि लोणचं घाला माझं." आई गंमत करत नव्हती. तिला एकदा मामा स्टँडवर थांबायला सांगून न्यायलाच आला नव्हता. तेव्हापासून ती माझ्याशिवाय कुणाबरोबर कुठे जात नाही.

म्हणून मी ऑफिसात फोन केला. फळा बर्डे लिहितात. त्यांचं अक्षर सुंदर आहे आणि कान बरे आहेत, हे मी आजही म्हणेन. मी म्हटलं, "बर्डे, शुक्रवारी चारनंतर मी नाहीये. फळ्यावर माझा निरोप लिहून टाका."

त्यांनी लिहिला. 'आगामी कार्यक्रम: शुक्रवार, दुपारी चार. पाटोळे सिस्टर यांचा निरोप. सर्वांनी अगत्य येणे.' खाली फुलांची वेल काढली होती.

"अहो बर्डे, निरोप म्हणजे सांगावा हो! मला कळवायचं होतं, की मी आईला घेऊन घरी जाणार आहे!"

"असं होय," बर्डे म्हणाले. "मग 'सांगावा' म्हणायचं ना, सिस्टर." त्यांनी ओलं फडकं फिरवलं. अक्षरं पुसली गेली, पण एक्सरेपुढची भिंत आधीच फुगली होती, ताज्या चुन्याचा वास येत होता. आम्ही दोघांनी तिला हात लावून पाहिला. ती तापलेल्या पोराच्या कपाळासारखी गरम होती. बर्डेंनी मुकाट्यानं अक्षरं पुन्हा लिहिली, पहिल्यापेक्षा ठळक.

मी मेट्रनबाईंकडे गेले. खळदकरबाई माझ्याशी कधी वाईट वागल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "निरोप म्हणजे निरोप. आता शाल आणून झाली."

"बाई, मला सांगायचं होतं ते वेगळंच—"

"सांगाल की. मनोगताला वेळ ठेवलाय."

मला संताप यायला हवा होता. माझा संताप सगळ्या रुग्णालयाला माहीत आहे, डॉक्टरलोक माझ्या टेबलावर कप ठेवत नाहीत. पण आत काहीच हललं नाही. भूल दिलेल्या हिरडीवर जीभ फिरवावी तसं मी स्वतःला चाचपून पाहिलं आणि राउंडला गेले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'संधी' या मथळ्याखाली माझी जागा निघाली. मुलाखतीला आलेल्या दोन मुली माझ्याच टेबलाशी उभ्या राहिल्या. एकीनं मला विचारलं, "इथं आधी कोण होतं हो?"

"पाटोळे सिस्टर."

"कशा होत्या?"

"तापट," मी म्हटलं. "पण हात हलका होता."

खाटेवरच्या म्हाताऱ्यानं मान डोलावली. त्याला मी तेव्हा इंजेक्शन देत होते.

उगवणारी खोली मोठी असावी, कारण तिनं व्हरांडा ताणला. स्त्री विभाग एक्सरेच्या पलीकडे आहे. मी आईला चहा घेऊन निघायचे ती पोहोचेपर्यंत चहावर जाड साय धरलेली असायची. आई म्हणायची, "कुठं रेंगाळतेस गं? इथंच तर आहेस ना तू?"

गुरुवारी मी तिच्या खाटेवर बसले. "आई, आजच जाऊ या घरी."

"आज? उद्या म्हणालीस ना? अंगातली चोळीसुद्धा धुवायला दिलीय मी."

"उद्या माझा निरोप आहे."

"कुणाला?" आईनं विचारलं.

मी तिची उशी झटकली आणि उठले. भीती अशी वाटली नाही. तिनं तेच पुन्हा विचारू नये, एवढंच वाटलं.

शुक्रवारी मी जेवणाच्या सुट्टीतच आईकडे निघाले. व्हरांडा चालले, चालले, चार वाजले आणि दार आलं ते त्या खोलीचं. दुसरीकडे वळायला जागाच नव्हती. आत सगळे बसले होते. समोरच्या भिंतीत औषधाच्या खिडकीएवढी काच होती आणि काचेपलीकडे स्त्री विभाग. आई खाटेच्या कडेला बसलेली दिसली. हिरवं लुगडं नेसून, चपला घालून, पिशवी मांडीवर धरून. मी काच वाजवली. तिनं पदर सारखा केला आणि दाराकडेच बघत राहिली.

मला खुर्चीत बसवलं. शाल आली, नारळ आला. पाय जड होतील असं मला वाटलं होतं, तसं काही नाही. ते फक्त खुर्चीचे झाले. भाषणं झाली. "पाटोळे सिस्टर म्हणजे वाघीण होती," मोठे डॉक्टर म्हणाले, आणि सगळे माझ्याकडे बघून हसले. मग मला मनोगत मांडायला सांगितलं.

"माझी आई त्या बाजूला बसलीय," मी म्हटलं. "तिला वाटतंय मी येतेय. कुणीतरी जाऊन तिला घरी पोहोचवा. तिला सांगा, सरूनंच पाठवलंय, मनात काही आणू नकोस. हाताला नको, दंडाला धरा. माझा एवढाच निरोप आहे."

टाळ्या खूप वाजल्या. बर्डे चष्मा काढून डोळे पुसत होते. "काय बोलल्या, काय बोलल्या!" असं म्हणत माणसं उठली, पेढे खात बाहेर पडली. खोलीचं दार दिसेनासं झालं. काच राहिली होती, तीही चारी बाजूंनी भरत होती. आई समोर दिसत असतानाच मला तिची फार आठवण आली.

मेट्रनबाई स्त्री विभागात शिरल्या. तिकडचा आवाज काचेतून स्वच्छ येत होता.

"बाई, सरू कुठाय?" आईनं विचारलं. "तिचा काही निरोप?"

"झाला की," मेट्रनबाई म्हणाल्या. "फार छान झाला. सगळे रडले."

मेट्रनबाईंनी हात पुढे केला. आईनं पिशवी उशाशी ठेवली, पायातल्या चपला काढल्या, वाकून खाटेखाली एकमेकींना चिकटवून लावल्या आणि दाराकडे तोंड करून आडवी झाली. काच आता तळहाताएवढी उरली होती. तीतून फक्त त्या चपला दिसत होत्या.