एकशे अठ्ठ्याऐंशीचा अर्थ

मित्रांनो, रक्तातली साखर मोजणारा मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. मुठीत मावेन एवढा माझा आकार. पडद्यावर एक चरा आहे, आणि मधलं बटण जरा जोरानं दाबावं लागतं. पण आकडा अजून बरोबर सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एका कुपीतलं तांबडं द्रावण पट्टीवर टाकून माझी परीक्षा घेतली गेली. मी पास झालो, डबीत बसलो आणि जयपूरच्या एका औषधांच्या दुकानात आलो. तिथून मला कीर्तीच्या घरी आणलं ते तिच्या सासूबाईंसाठी, साधनाताईंसाठी. त्यांची साखर एकदा मोजली, ती चांगली निघाली, आणि मी कपाटात गेलो. दोन वर्षं मोज्यांच्या गठ्ठ्याखाली पडून होतो. माझ्या पट्ट्यांची मुदत तिथेच संपली. कुणाला गरज नसलेली वस्तू कशी असते, ते मला तेव्हा कळलं.

कीर्ती मूळची सोलापूरची. जयपूरच्या झालाना भागातल्या एका संस्थेच्या ग्रंथालयात ती काम करायची. वय छत्तीस, अंगानं किरकोळ. नवरा अनिरुद्ध कॉलेजात शिकवायचा, मुलगी रुचिता पाचवीत. ऑफिसच्या आरोग्य तपासणीत कीर्तीची उपाशीपोटीची साखर एकशे अठरा निघाली. शंभराच्या आत असली तर ठीक, एकशे सव्वीस किंवा वर दोनदा आली तर मधुमेह. ही मधली पायरी. डॉक्टर म्हणाले, "गोड कमी करा, चालत जा."

तेव्हा मला बाहेर काढलं गेलं. नव्या पट्ट्या आल्या. पहिल्याच सकाळी मी तीनशे बारा दाखवलं आणि घरभर धावपळ झाली!

"मशीन बिघडलंय," अनिरुद्ध म्हणाला.

रुचितानं आईचा हात हुंगला. "आई, तू आत्ता माझ्या डब्यासाठी आंबा कापला ना? मतलब, हे आंब्याचं असेल."

कीर्तीनं साबणानं हात धुतले, पुसून कोरडे केले. एकशे एकवीस. त्या दिवसापासून ती माझ्याशी फार नीट वागली. रात्रीच्या जेवणानंतर निदान आठ तास पाण्याशिवाय काही नाही, सकाळचा चहासुद्धा नंतर. हात धुवायचे, मग थेंब. पट्ट्यांची डबी घट्ट बंद करून उन्हापासून दूर. आकडा वहीत लिहायचा आणि शेजारी काय खाल्लं तेही.

पण आकडे चढतच गेले. एकशे एकतीस. एकशे चौसष्ट. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, मग वाढवल्या. तिनं भात सोडला, बटाटा सोडला, सणाच्या घेवर मिठाईकडे पाहिलंसुद्धा नाही. तहान मात्र सरत नव्हती. ग्रंथालयातला जिना चढताना ती मध्येच थांबायची. सैल झालेल्या ब्लाउजला दोनदा टाके घालावे लागले.

डॉक्टर वाईट नव्हते. बाहेर पन्नास माणसं बसलेली असायची. ते कागदावरचा आकडा बघायचे, बाकी काही बघायला त्यांना उसंतच नव्हती. तिसऱ्या खेपेला हसून म्हणाले, "मॅडम, आकडा खोटं बोलत नाही. काहीतरी चोरून खाता तुम्ही."

कीर्तीनं घरी येऊन ते अनिरुद्धला सांगितलं. संध्याकाळी अनिरुद्धनं चाचरत विचारलं, "खरं सांग हं, मी रागावणार नाही. परवा तुझ्या ऑफिसातल्या मंजुषाच्या वाढदिवसाला केक..."

"खाल्ला नाही."

"अगं, पण मग साखर वाढते कशी?"

"तेच तर मी सगळ्यांना विचारतेय!" ती म्हणाली. मी तिच्याजवळ टेबलावर होतो. ती चोरून काही खात नाही, हे मला रोज सकाळी दिसत होतं. पण मित्रांनो, मला फक्त आकडा बोलता येतो.

तिनं वही अनिरुद्धपुढे सरकवली. त्यानं पहिल्या पानापासून वाचायला घेतली. अर्ध्यावर आला तेव्हा उठून त्यानं वजनकाटा ओढून आणला. चार महिन्यांपूर्वीच्या तपासणीत तिचं वजन चौपन्न होतं. आता शेहेचाळीस.

त्यानं तो आकडा वहीत लिहिला. "चुकलं माझं," म्हणाला. "उद्या आपण दोघं जाऊ."

दुसऱ्या सकाळी मी एकशे अठ्ठ्याऐंशी दाखवलं. त्याच सकाळी प्रयोगशाळेत दिलेल्या रक्ताचा आकडा आला एकशे त्र्याण्णव. म्हणजे माझा दोष नव्हता. दुपारी तिच्या पर्समध्ये बसून मीही दवाखान्यात गेलो. बोलणं हिंदीत झालं, मी आपल्या मराठीत सांगतो.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि पेन उचललं. "आणखी एक गोळी वाढवू."

"डॉक्टर, लिहायच्या आधी एक मिनिट," कीर्ती म्हणाली. "असं धरून चाला की मी खोटं बोलतेय. रोज चोरून मिठाई खातेय. मग माझं वजन आठ किलोंनी कमी कसं झालं?"

पेन थांबलं.

"आठ? किती दिवसांत?"

"चार महिन्यांत. आणि तहान, दमणूक. सगळं तारखेनिशी लिहिलंय."

डॉक्टरांनी वही घेतली. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, त्यांनी "थांबा" म्हणून सांगितलं आणि पानं उलटत राहिले. मग लगेच लघवीची तपासणी करायला लावली, आणि शरीरात इन्सुलिन किती बनतं ते पाहणारी रक्ताचीही. लघवीत कीटोन नावाची आम्लं निघाली, शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागल्याची खूण; ते पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तिला त्याच दिवशी दाखल करून इन्सुलिन सुरू केलं.

रक्ताचे रिपोर्ट आल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. तिचं शरीर इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वतःच्याच पेशी मोडत होतं. असा मधुमेह मोठ्या वयातही होतो, आणि त्याला गोळ्या पुरत नाहीत. "आणखी काही दिवस गेले असते तर तुम्हाला बेशुद्ध अवस्थेत आणावं लागलं असतं," ते म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, "वजन मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. माझी चूक झाली."

इन्सुलिननं कीर्ती हळूहळू सावरली. दोन महिन्यांत तिचं वजन चार किलोंनी वाढलं, आणि एका रविवारी ती रुचिताबरोबर आमेरच्या किल्ल्याचा चढ न थांबता चढून आली.

तिच्याकडे आता नवं यंत्र आहे. मला तिनं द्वारकाला दिलं. द्वारका जवळच्या बस्सी गावाहून बसनं येते आणि ग्रंथालयाची झाडलोट करते. तिची साखर एकशे चाळीसच्या वर आहे, असं कुणीतरी सांगितलं होतं. ते का, आणि पुढे काय करायचं, हे कुणीच सांगितलं नव्हतं. कीर्तीनं तिच्याकडून तीन प्रश्न पाठ करून घेतले: साखर का वाढली, आता काय करायचं, आणि फरक पडला नाही तर पुढे कोणती तपासणी. दवाखान्यातून परतल्यावर द्वारका दारातूनच ओरडली, "मॅडमजी, पूछ लिया! तीनों!"

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊ असेल. त्याला उन्हात टाकू नका, त्याच्या पट्ट्यांची तारीख बघत जा. आणि घरातलं कुणी म्हणालं, "मला बरं वाटत नाही," तर माझा आकडा पाहून त्याला गप्प करू नका. थोडं जवळ बसा आणि त्याचं बोलणं पूर्ण होऊ द्या.