सागाच्या म्हणून आलेल्या फळ्या

दोघी बहिणी होड्या बांधायच्या. त्या सकाळी शेडमध्ये सात फळ्या उतरल्या, आणि थोरलीच्या मनात पाल चुकचुकली.

परसातला वडिलांनी लावलेला साग वठला होता. थोरली एक होडी पोचवायला गेली असताना तो तोडून वखारीत चिरायला गेला. वखारवाला धाकटीचा होणारा नवरा. भुवयांत कायम लाकडाचा भुसा, म्हणून सगळे त्याला भुसाच म्हणत.

सागाचा गाभा सोनेरी तपकिरी, त्यात काळसर रेघा. त्याच सागाच्या म्हणून आलेल्या या फळ्या पिवळट. थोरलीने रंधा मारून ढलपी नाकाशी धरली. सागाला जुन्या चामड्यासारखा वास येतो, हाताला तो तेलकट लागतो. त्या तेलानेच तो पाण्यात टिकतो. ही ढलपी कोरडी ठणठणीत.

"शिवणीच्या झाडाची फळी आहे ही. साग म्हणून खपवतात ती."

"तुला ना ताई, उठसूट संशय! ताजा कापलेला साग फिकाच दिसतो," धाकटी म्हणाली, पण वर न बघता.

तेही खोटं नव्हतं. थोरलीने दुसरी खूण शोधली. झोपाळ्यासाठी वडिलांनी त्या खोडात लोखंडी कड्या ठोकल्या होत्या, आणि लोखंडाभोवती सागात शाईसारखा काळा डाग पडतो. तिने सातही फळ्या उलट्यासुलट्या केल्या. एकीवरही डाग नव्हता.

ती तडक वखारीत गेली.

"आमचा ओंडका कुठंय?"

"चिरला की, ताई." भुशाची नजर मात्र मागच्या पत्र्याकडे गेली.

पत्र्यामागे ताडपत्रीखाली ओंडका होता, उभा दुभागलेला. मधोमध बादली मावेल एवढी पोकळी, काठाला काळे डाग, आत कुजलेला भुगा.

"पहिल्याच कापात कळलं," भुसा म्हणाला. "कड्यांच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी मुरलं."

"मग सांगायला काय तोंड शिवलं होतं?"

"सांगणारच होतो. तिने शपथ घातली. बाबांचं झाड असं कुजलेलं ताईला बघवणार नाही, म्हणाली."

थोरली परतली. तिचं तोंड बघूनच धाकटी रडायला लागली. "शिवणही पाण्यात टिकते, ताई. होडी बुडाली नसती."

"ठाऊक आहे मला. पण मी ती साग म्हणून विकली असती. खोटी मी ठरले असते."

दोन दिवस अबोला चालला. तिसऱ्या दिवशी थोरलीने होडी सांगितलेल्या मच्छीमाराला बोलावून खरं काय ते सांगितलं. त्याने फळी उचलून पाहिली. "हलकी आहे. वाळूत ओढायला बरीच की!"

होडी झाली, पुढे लग्नही झालं. भुशावरचा राग थोरलीने केव्हाच सोडला. फक्त धाकटी "काही नाही गं" म्हणाली, की ती हातातलं काम थांबवून तिच्या तोंडाकडे बघत राहायची.