शिमग्यातला शो

अठ्ठावन्न सालच्या शिमग्यात कासार आंबोलीच्या आंब्याखाली आम्ही पाच जण भरदुपारी तीन पत्ती खेळत होतो. हैबतराव असला की खेळ कसला, दंगलच. हा गडी पत्ते उचलतच नसे. न बघता चाल वाढवायची, आईबहिणीवरून शिव्या द्यायच्या, की समोरचा घाबरून पत्ते टाकी. आदल्या वर्षी वाल्मीक पत्ते टाकेना, तर त्याने वाल्मीकचं बोटच मोडलं. ते वाकडंच बसलं. आम्ही शेपूट घालून गप्प राहिलो, त्याची मला अजून चीड येते.

या वेळी आम्ही पत्ते टाकले आणि उरला धुळा धनगर. त्याचा एडका हैबतरावच्या हरभऱ्यात शिरला होता. हैबतरावने तो नाक फुटेस्तोवर बडवून आंब्याला बांधला होता. कळपात तेवढाच एक नर.

"जिकलास तर ने," हैबतराव म्हणाला. "हरलास तर मेंढरं माज्या रानात फुकाट बसव."

खतासाठी शेतात मेंढरं बसवली की रात्रीला पायलीभर भात मिळे. धुळाची बायको बानूबाई आणि तीन पोरं त्या भातावरच जगत. पाडव्याला मुक्काम हलणार होता. धुळाच्या हातात पंधरा राती होत्या.

धुळाने पत्ते बघितले. मी मागेच बसलो होतो. दोन नश्श्या, एक चव्वी. बारकीच जोडी.

"एक पायली!" हैबतराव गरजला. आमच्यात पत्ते बघितलेल्याने दुप्पट लावायचं, आणि समोरचा न बघता खेळतोय तोवर शो मागायचा नाही. दोघांनी बघितलं की कुणीही शो मागून पत्ते उघडायला लावायचे.

"दोन राती," धुळा म्हणाला.

"दोन पायल्या!"

"चार राती."

हैबतरावने त्याच्या कानाखाली वाजवली. "टाक पत्ते, भडव्या! चार पायल्या!"

ओठातलं रक्त पुसून धुळा म्हणाला, "आठ राती."

एकच रात उरली. आणखी एक चाल, की धुळा मेला. पण हैबतरावला एवढा वेळ समोर बसलेला माणूस ठाऊकच नव्हता. त्याने पत्ते उचलले.

"शो," धुळा म्हणाला.

राजा, अठ्ठी, तिर्री. धुळाच्या नश्श्यांची जोडी जिंकली.

हैबतराव उठला. डाव्या हाताने एडक्याचं शिंग धरलं आणि उजव्या हाताने कमरेचा कोयता काढून मानेवर घातला. रक्ताची चिळकांडी पत्त्यांवर उडाली. "ने आता!"

धुळा उठला. त्याच्या काठीला लावलेली कुऱ्हाड एकदाच खाली आली. शिंगावरची तीन बोटं मातीत पडली. हैबतराव गुरासारखा ओरडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

पौडहून पोलीस जमादार आला. "कुणी तोडली बोटं?"

हैबतरावने फडक्यात गुंडाळलेला हात धुळाकडे रोखला. जमादाराने आमच्याकडे बघितलं. धुळाला तुरुंग झाला असता तर कळप आणि पोरं, दोन्ही मातीत.

माझ्या हातात एक पत्ताही नव्हता. तरी मी म्हणालो, "यांचाच कोयता. एडका तोडताना निसटला."

हैबतरावने माझ्यावर डोळे वटारले. "कुशाबा, तुला जित्ता न्हाई सोडायचो!"

वाल्मीकने वाकडं बोट वर केलं. "व्हय. म्या बी बघितलं."

हैबतराव आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. आम्ही माना खाली घातल्या नाहीत. शेवटी त्यानेच घातली.