काचेतलं खोटं पाणी

फोटो काढा खुशाल, मित्रांनो, पण मी कुणी मोठा पराक्रमी म्हातारा आहे असं समजू नका. मी वाफेवर चालणारं, मालगाडी ओढणारं अवजड इंजिन. एका लांबलचक बॉयलरखाली माझ्या चाकांचे दोन संच आणि मध्ये बिजागरी. म्हणून एवढं धूड असूनही डोंगरातल्या वळणांवर मी सहज वळायचो. शंभर डबे कोळसा ओढून आणला की लोक टोप्या उडवायचे. भारी माज होता मला त्याचा!

आता सांगतोय ते मात्र सत्तर वर्षं पोटात दडवलेलं आहे.

चढ संपून उतार लागला की माझ्या बॉयलरमधलं पाणी पुढे धावतं आणि मागचं, आगीवरचं छत कोरडं पडायची भीती असते. म्हणून घाटमाथा आला की भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन काचेच्या नळीत पाणी किती ते बघतो. माझा फायरमन ओटिस यात कधी चुकला नाही. त्या दिवशीही त्याने बघितलं. काच भरलेली होती. पण काचेखालच्या पितळी तोटीत क्षाराचा खडा अडकला होता, आणि बॉयलरमध्ये पाणी जवळजवळ संपलं होतं. कोरडं छत तापून फाटलं, वाफ केबिनमध्ये घुसली. ड्रायव्हर गेला. ओटिस भाजला, पण वाचला. चौकशीवाले घाईत आले नि घाईत गेले. सगळा ठपका ओटिसवर आला, नोकरी गेली. मला मात्र रंगरंगोटी करून इलिनॉयच्या एका म्युझियममध्ये उभं केलं आणि समोर पाटी लावली: ‘फायरमनच्या निष्काळजीपणामुळे अपघात.’ खोटं माझ्या काचेनं दाखवलं, शिक्षा त्याला. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ओटिसची मुलगी लोरेटा दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला येते. आता ऐंशीची झाली. पाटी वाचते आणि मला हातही न लावता निघून जाते.

नेपरव्हिलचे रिटायर झालेले नंदूकाका आणि शिकागोत पीएचडी करणारी यामिनी दर शनिवारी मला साफ करायला येतात. यंदा काकांनी माझे पितळी भाग सोडवले आणि घरून आणलेल्या बादलीभर चिंचेच्या कोळात एकेक बुडवायला घेतला.

“देवाची भांडी कशी लख्ख निघतात! तसंच हेही निघेल बघ.”

चिंचेत क्षार विरघळतो, मित्रांनो. आणि आता ती तोटी काकांच्या हातात होती. खरं सांगू? मला हायसं वाटलं. पुरावा गेला की सुटलो! लगेच माझी मलाच शिसारी आली, पण ओरडायला तोंड कुठे होतं?

“काका, होल्ड ऑन!” यामिनी म्हणाली. “आधी वायर पास होते का चेक करू द्या.”

वायर गेली नाही. दुसऱ्या बाजूनेही गेली नाही. यामिनी वळून पाटीकडे बघत राहिली.

“काका, हे टोटली ब्लॉक्ड आहे. खालून बंद असलं की वरची वाफ थंड होऊन काच भरते. त्या माणसाला कळणार कसं?”

“अरे देवा!” काकांनी बादली पायाने लांब सारली. “आणि मी हे धुऊन टाकत होतो गं!”

लोरेटा आली तेव्हा यामिनीने तोटी आणि वायर तिच्या हातात ठेवली. तिने तीनदा वायर घालून पाहिली.

“काच भरलेली होती, असं बाबा मरेपर्यंत सांगत होते,” ती म्हणाली. “शाळेत मुलं मला चिडवायची. एकदा मीही बाबांना तोंडावर खोटारडे म्हणाले.”

मग तिने पहिल्यांदा माझ्यावर हात ठेवला आणि ढसाढसा रडली. काकांनी पाटी काढायला घेतली.

मित्रांनो, यंत्रं घासूनपुसून चकचकीत ठेवा, पण त्यांच्या आतल्या वाटा मोकळ्या आहेत ना, तेही बघत जा. आणि कुणी ‘मी बघितलं होतं हो’ असं कळवळून सांगत असेल, तर तो जिवंत असतानाच खात्री करून घ्या. लोरेटाने मला माफ केलं असेलही. ओटिसला आता कोण जाऊन सांगणार?