मोठ्या मावशीची तक्रार

मोठ्या मावशीची अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. नुसत्या 'हॅलो'वरून समोरचा माणूस ओळखायची, इतके तिचे कान तिखट. उतारवयात त्याच कानांनी दगा दिला. कानाचं यंत्र लावलं की मात्र ती कुणाला हार जात नसे. गुडघे गेले, एकटीने राहणं जमेना, तेव्हा ती स्वतःहून वृद्धाश्रमात गेली.

भाचीचं केस कापायचं दुकान होतं. सुट्टीच्या दिवशी ती मावशीला भेटायला जायची. अलीकडे मावशी विचारावं एक तर सांगे भलतंच.

"जेवलीस का?"

"हो, कालच धुतले."

व्यवस्थापक मान हलवून म्हणाले, "वय झालं, ताई. आता डोकं चालत नाही त्यांचं."

भाचीलाही ते जवळजवळ पटलं होतं. पण एकदा मावशीचे केस विंचरताना तिच्या लक्षात आलं, दोन्ही कान रिकामे होते. तिने मावशीच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "यंत्र कुठंय?"

मावशीने आधी दाराकडे पाहिलं. "रात्रपाळीच्या बाईने काढून घेतलं. सारखी बेल वाजवते म्हणून आधी बेल लांब ठेवली, मग मी हाका मारायला लागले, तर यंत्रही नेलं." तिने बाही वर केली. मनगटावर काळानिळा वळ होता. "तिनेच पलंगाला बांधलं होतं."

भाचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठायला लागली, तसा मावशीने तिचा हात घट्ट धरला. "तू भांडून घरी जाशील. मला इथंच राहायचंय. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, बाई."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून भाची मोफत कायदा मदत केंद्रात गेली. तिथल्या वकीलबाई सर्दीने हैराण होत्या, नाक पुसत पुसत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आजच केस टाका," भाची म्हणाली.

"आधी मावशींना विचारू. राग तुमचा आहे, तक्रार त्यांची."

वकीलबाई केंद्रातलं आवाज मोठा करणारं यंत्र घेऊन आश्रमात आल्या. व्यवस्थापक खोलीतच घुटमळत राहिले. "आमचं कुणीतरी हजर लागतं."

"वकिलाशी एकट्याने बोलायचा त्यांना हक्क आहे. दार लावून घ्या. बाहेरून." मग त्या भाचीकडे वळल्या. "तुम्हीसुद्धा."

भाचीला ते लागलं. आपण सख्खी भाची, आणि आपल्यालाच बाहेर? फुरंगटून ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. बऱ्याच वेळाने आतून मावशी खळखळून हसल्याचं ऐकू आलं. कित्येक महिन्यांत ते हसू तिने ऐकलं नव्हतं. तिचा रुसवा तिथंच विरघळला.

मावशी तक्रारीला तयार झाली, पण एका अटीवर. पलीकडच्या पलंगावरच्या आजींची वाचा अर्धांगाच्या झटक्याने गेली होती. त्यांनाही बांधत. "त्यांचं नाव घातलंत तरच माझं घाला." वकीलबाईंनी त्या आजींच्या मुलाला गाठलं. आईची मनगटं पाहून त्याने तिथल्या तिथे तक्रारीवर सही केली.

खटला उभा राहण्याआधीच वकीलबाईंनी कोर्टाकडून हुकूम मिळवला: रात्रपाळीच्या त्या बाईने दोघींजवळ फिरकायचं नाही, आणि तक्रार केली म्हणून कुणाला बाहेर काढायचं नाही.

सुनावणीला आश्रमाचे वकील म्हणाले, "यांना भ्रम होतो. काय घडलं ते यांना सांगता येत नाही."

कोर्टाने मिळवून दिलेलं नवं यंत्र मावशीच्या कानात होतं. न्यायाधीशांनी तिलाच विचारलं, "खरं आहे का हे?"

"कान काढून घेतल्यावर कुणीही वेडंच दिसेल, साहेब. एक दिवस बोळे घालून बसा, घरचेच तुम्हाला डॉक्टरकडे नेतील."

न्यायाधीशांनी हसू दाबलं, आणि मग सगळं नीट, शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

खटला अजून चालू आहे. पण ती बाई कामावरून गेली, व्यवस्थापकांची चौकशी लागली, आणि वकीलबाई आता न सांगता आश्रमात डोकावतात. दोघींना दुसऱ्या आश्रमात एकाच खोलीत जागाही मिळाली.

निघायच्या दिवशी त्या आजी गाडीच्या खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. येणारी-जाणारी माणसं, दुकानं, झाडं, काही सोडायला तयार नव्हत्या. मावशीने ते पाहिलं आणि पुढे वाकून चालकाच्या खांद्यावर टिचकी मारली.

"भाऊ, लांबच्या रस्त्याने घ्या. आम्हाला कसलीच घाई नाही."