डोळ्यातली हळद

मी एक जुना लेझर सूक्ष्मदर्शक आहे आणि मित्रांनो, मी भयंकर रागावलो आहे. उद्या मला भंगारवाला न्यायला येणार आहे. त्याआधी माझी कहाणी ऐकाच, म्हणजे राग कुणावर ते कळेल.

माझ्या काचा दूर परदेशात घासल्या गेल्या. लाकडी पेटीतून मी मरोळच्या एका प्रयोगशाळेत आलो, तेव्हा सगळे माझ्याभोवती गोळा झाले होते. आमचे प्रमुख श्यामकांत सर तर माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेत होते. पुढे नवलाई संपली. कारखान्यांची धूळ, एसी बंद पडला की चढणारा दमटपणा, सगळं मी सोसलं. माझी विचारपूस करायची ती एकटी रुचिरा.

घाटकोपरहून येणारी ही मुलगी डीएनएच्या मागे लागली होती. डीएनए म्हणजे अगदी बारीक घटकांची लांबच लांब साखळी. त्यातल्या एका घटकाच्या जागी रुचिराने स्वतः बनवलेला, चमकणारा घटक बसवला होता. मी त्यावर निळा लेझर टाकायचा आणि तो हिरवा उजळला की टिपायचा, हे माझं काम. पण एकट्या घटकाचा उजेड तो किती? मैदानाच्या पार पलीकडे कुणी उदबत्ती लावावी, तेवढा. म्हणून ती खोलीत काळोख करून श्वास रोखून बसायची.

नवरात्रात एका दुपारी तो दिसला. एकच ठिपका. उजळला आणि एकदम विझला. लेझरखाली असा घटक थोड्या वेळाने विझतोच; पुष्कळ असते तर एकेक विझत उजेड हळूहळू मंदावला असता. हा एकदम गेला, म्हणजे एकटाच होता.

"मिथुन, धावत ये रे! दिसला, यार!" रुचिरा किंचाळलीच. शेजारच्या टेबलावरचा मिथुन येईपर्यंत काळोख झाला होता.

"परत दाखव ना," तो म्हणाला.

"दसऱ्यानंतर तपासणीला पाहुणे येतायत. तेव्हा सगळ्यांनाच दाखवते."

मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी आमची, म्हणजे यंत्रांची, पूजा असते. दरवर्षी रुचिरा माझ्यापुढे उभी राहून सांगते, "सर, पत्र्याला लावा, काचेला नको." या वर्षी सरांनी तिला झेंडूची फुलं आणायला पिटाळलं. मग हळदीचं एक बोट पत्र्यावर ओढलं आणि दुसरं, कपाळ समजून, थेट माझ्या भिंगावर! अहो, तो माझा डोळा होता! हळद निळ्या लेझरखाली हिरवी पेटते, हे इतक्या शिकलेल्या माणसाला कुणी सांगायचं?

पाहुण्यांसमोर रुचिराने मला सुरू केलं. नुसता हिरवा वणवा. ठिपका कुठला न् काय! तिचा चेहरा उतरला.

सर हसत म्हणाले, "मशीन म्हातारं झालंय. आणि आमच्या रुचिराला भास झाला असणार." तिचं काम तिथल्या तिथे थांबवलं गेलं.

ती रडली नाही, भडकली. मला उघडून बघते तर भिंगाच्या कडेला पिवळं. तिने ते स्पिरिटने हळुवार पुसलं. वणवा गेला, काळोख परतला. मग पूजेच्या ताटातली चिमूटभर हळद काचपट्टीवर घेतली आणि सरांना बोलावलं. हळद पेटली, अगदी तशीच हिरवी. सरांना सगळं कळलं, मी त्यांचा चेहरा जवळून पाहिला आहे.

"बरं, झालं ते झालं," ते म्हणाले. "नवीन मशीन मंजूर झालंय. आता हा विषय काढून माझी शोभा करू नकोस."

"आणि माझा ठिपका, सर?"

"सोड गं तो." सर निघून गेले.

रुचिराने दात-ओठ खात आपली डीएनएची काचपट्टी चढवली. मिथुन शेजारीच बसला. बऱ्याच वेळाने ठिपका उजळला.

"आहे गं! विझला बघ, एकदम!" मिथुन ओरडला. तिने सरांना हाक मारली. सर आले नाहीत.

मित्रांनो, यंत्रावर माया असेल तर खुशाल फूल वाहा, पण हात कुठे लावायचा ते आधी विचारा. आणि चूक झालीच, तर ती यंत्राच्या म्हातारपणावर आणि एखाद्या पोरीच्या भासावर ढकलू नका.

माझं भिंग आता लख्ख आहे. मिथुन पत्र्यावरचं हळदीचं बोटही पुसायला निघाला होता. रुचिराने त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"राहू दे," ती म्हणाली. "ते सरांनी येऊन पुसायचंय."

ते बोट अजून तसंच आहे.